सरुबाईचा वाटा

सरुबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते एवढंच: "ओ बाई, हात लावू नका."

मी भेंडीचं टोक मोडून बघत होते. यात गुन्हा काय? नारायण पेठेत चाळीस वर्षं मी टोक मोडल्याशिवाय भेंडी घरात आणली नव्हती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "मग काय, नुसतं दर्शन घ्यायचं?"

"घ्या की. दर्शनाला कुनाची ना हाय?" असं म्हणून तिनं माझ्या मागच्या बाईची पिशवी भरायला घेतली. त्या दिवशी मला भाजी मिळाली नाही. मी तणतणत वर आले आणि आमच्या ह्यांना सांगितलं, की त्या बाईकडून पुन्हा कोथिंबिरीची काडीसुद्धा घेणार नाही. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिला कळवलंस का? काळजीत पडेल बिचारी."

आज त्याच बाईबद्दल लिहायला बसले आहे. तिचे उपकार फिटण्यातले नाहीत आणि मला ते फेडून मोकळंही व्हायचं नाही. पण चार लोकांना सांगावं, एवढं तरी माझ्या हातात आहे.

मी सरोजिनी. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे बोलणं थोडं फटकळ आहे. लोक म्हणतात, थोडं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या एकुलत्या एका मुलानं, सलिलनं, पुण्याच्या वेशीवरच्या मांजरी गावात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्याचं आणि सुनेचं, म्हणजे तनयाचं, ऑफिस तिथून जवळ. मग हे, म्हणजे माझे यजमान गोपाळकृष्ण, आणि मी पेठेतलं बिऱ्हाड आवरून तिकडे गेलो. पुढे ऊस, मागे ऊस, मध्ये आमची इमारत. कुठे राहता असं कोणी विचारलं तर मी 'पुण्यात' एवढंच सांगायची.

सरुबाई रोज सकाळी सात ते नऊ आमच्या गेटाशी उंबराखाली पोतं अंथरून बसायची. सत्तरीची, काटक, अंगावर विटलेलं नऊवारी आणि पायात पुरुषी चपला. तिच्याकडे तराजू नव्हता आणि निवडून घ्यायची सोयही नव्हती. तुम्ही पिशवी पुढे करायची. ती विचारणार, "घरात मानसं किती? कुनाला काय दुखनं?" मग तीच तुमचा वाटा काढून पिशवीत भरणार. काय मिळालं ते घरी जाऊन बघायचं. इमारतीतल्या आयटीवाल्या पोरी याला 'सरप्राइज बास्केट' म्हणायच्या. मी याला उद्धटपणा म्हणायची.

मला वाटायचं, असेल कोणी गरीब बिचारी. मग वॉचमननं सांगितलं, की ही इमारत उभी आहे ते तिचंच उसाचं रान. तिचा मुलगा विक्रम भल्यामोठ्या काळ्या गाडीतून फिरतो. मागचं दीड एकर मात्र तिनं विकू दिलं नाही. तिथे ती शेणखतावर भाजी आणि कडधान्य करते, औषधाचा एक थेंब मारत नाही. "आमच्या विक्रमला लाज वाटती मी हितं बसते त्याची," ती एकदा कोणाला तरी सांगत होती. "त्याला म्हनलं, गाडीतनं जाताना पलीकडं बघत जा. मान वळती की तुझी."

हे ऐकून मला पहिल्यांदा ती जरा आवडली. तोपर्यंत मी पण निमूटपणे पिशवी पुढे करायला लागले होते. भाजी चांगली होती, काय करणार!

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सलिलच्या किडन्यांनी काम थांबवलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सगळ्या घराला हसवणारा माझा मुलगा चार पावलं चालला की भिंतीला हात टेकायचा. चेहरा मातकट झालेला. नवीन किडनी बसवणं हाच उपाय होता. ह्यांची बायपास झालेली, तनयाचा रक्तगट जुळेना. माझं सगळं जुळलं. मला इतका आनंद झाला, की मी डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारलं, "उद्या येऊ का?"

डॉक्टरांनी माझा साखरेचा रिपोर्ट पुढे ठेवला. तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक चार. "तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. अशा वेळी आम्ही तुमची किडनी काढणार नाही, पुढे तुम्हालाच लागायची. साखर पावणेसहाच्या खाली आणा, आठ किलो वजन उतरवा, मग बघू."

"आणि नाही उतरलं तर?"

"किडनीच्या प्रतीक्षायादीत त्याचं नाव आहेच. वाट बघायची."

ती यादी किती लांबलचक असते ते मला तोवर कळलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. मुलाचं आयुष्य माझ्या पोटात तयार ठेवलेलं, आणि मध्ये आडवं कोण, तर पोळी, भात आणि बटाटा!

दवाखान्यात मैत्री नावाची आहारतज्ज्ञ होती, वयानं माझ्या शेवटच्या तुकडीतली शोभेल अशी. ती गोड आवाजात म्हणाली, "काकू, कार्ब्ज कमी करायचे. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग उसळ नाहीतर डाळ, उरलेल्या पावात काय ती पोळी. शक्यतो ऑरगॅनिक घ्या. आणि रोज काय खाल्लं ते वहीत लिहून मला फोटो पाठवा."

ऑरगॅनिक म्हटल्यावर मी लगेच एका गारेगार दुकानात गेले. तिथे सगळ्या पाकिटांवर हिरवं पान छापलेलं होतं. सेंद्रिय पोहे, सेंद्रिय गूळ, सेंद्रिय बटाटे, सेंद्रिय साबुदाणा. मी भराभर पिशव्या भरल्या आणि रिक्षानं गेटाशी उतरले. सरुबाई आवरून उठतच होती. तिनं पिशवीत डोकावून विचारलं, "ह्ये कुनासाठी?"

"माझ्यासाठी. साखर उतरवायची आहे. सगळं सेंद्रिय आहे हो," मी जरा तोऱ्यात म्हटलं.

"शेनखतावर वाढला तरी बटाटा बटाटाच ऱ्हातो बाई. आन् गूळ उसाचाच."

मी पिशव्या खाली ठेवल्या. आणि का कोण जाणे, तिथेच उभ्याउभ्या मी तिला सलिलचं सगळं सांगून टाकलं. इमारतीत साठ कुटुंबं, पण कोणाला काय दुखणं हे रोज विचारणारी ही एकटीच होती, म्हणून असेल. शेवटी ती म्हणाली, "आमचं मालक, आप्पासाहेब, साखरेनंच गेलं. आदी पाय गेला, मग डोळं, मग मानूस. रानात ऊस आन् घरात गुळाची ढेप, कोन कुनाला अडवनार? उद्या पिशवी घिऊन या. आन् जरा लवकर या."

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा भरली. भाजीला हात लावायची परवानगी मिळालेली मी त्या गेटावरची पहिली आणि एकमेव गिऱ्हाईक. मेथीची जुडी ती माझ्या नाकाशी धरायची. "वास घ्या. मेथीचा येतोय का औषधाचा?" पानाला बारीक भोकं असली तर ती मुद्दाम दाखवायची. गवार कट्कन मोडली पाहिजे, दोडक्याच्या शिरा बोटाला टोचल्या पाहिजेत, दुधीवर लव पाहिजे. "चकाकतंय ते उचलायचं न्हाई, बाई. ते दुकानात शोभतं." चाकवत, अंबाडी, चुका, पडवळ, घोसाळी, पावट्याच्या शेंगा. कित्येक भाज्या मी लग्नानंतर विसरूनच गेले होते.

कडधान्य ती डब्यात राख मिसळून ठेवायची. मटकी, हुलगे, चवळी. भुंगा लागलाच तर सुपात पाखडून द्यायची, पण पावडर घालायची नाही. ती सांगायची, "पान्यात टाका. वर तरंगंल ते पोकळ, काढून टाका. खाली बसंल त्याला मोड आना. आन् उसळ वाटीभर खायची, पातेलंभर न्हाई. चांगलं हाय म्हनून कायबी पोटभर खायचं नसतं." मैत्रीनं मला हेच रंगीत तक्त्यावर दाखवलं होतं. पण सरुबाईनं सांगितलेलं लक्षात राहायचं, कारण दुसऱ्या दिवशी ती विचारायची आणि खोटं बोललं की तिला कळायचं.

घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. सलिलचं पथ्य वेगळं होतं. त्याची पालेभाजी उकडून पाणी ओतून द्यायची, कडधान्य तर नावालाच. माझ्या ताटात भाजीचा डोंगर, वाटीभर उसळ आणि अर्धी भाकरी. भातासाठी जीव तळमळायचा. ह्यांनी माझ्या सोबतीनं भात सोडला आणि आठव्या दिवशी मांजरी स्टेशनाजवळच्या हॉटेलात पुलाव खाताना तनयाला सापडले. असो.

दोन महिने मी एक दाणा इकडेतिकडे होऊ दिला नाही. वहीत रोज नोंद, रोज मैत्रीला फोटो. वजन तीन किलो उतरलं. नोव्हेंबरात रक्त तपासलं.

सहा पूर्णांक तीन.

दोन महिने उपासमार करून फक्त एक दशांश! मैत्री म्हणाली, "काकू, तुमची वही तर एकदम परफेक्ट आहे, मलाच कळत नाहीये." त्या संध्याकाळी सलिल माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, जाऊ दे ना. तू आज वरणभात खा बरं पोटभर." त्यानं हे इतक्या शांतपणे म्हटलं, की मला कळलं, यानं आशा सोडली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी डोळे सुजलेलेच घेऊन खाली गेले. सरुबाईकडे त्या दिवशी ताजी रताळी होती. मी म्हटलं, "आज भाजी नको. चार रताळी द्या."

"रताळी कुनाला?"

"मला. सोमवारचा उपास आहे."

तिनं हात आवरला. "उपासाला काय काय खाता?"

मी सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चार वाजता रताळ्याचा कीस. रात्री राजगिऱ्याचे दोन लाडू आणि दूध. खिचडी उरली तर मंगळवारी सकाळी तीच, टाकवत नाही म्हणून.

"आन् असं हप्त्यातनं किती डाव?"

"सोमवार आणि गुरुवार. शिवाय चतुर्थी, एकादश्या. सलिल आजारी पडल्यापासून धरलेत."

तिनं रताळी उचलून पोत्याखाली सरकवली. "आन् ती वहीवाली पोरगी काय म्हनती याला?"

वही माझ्या पिशवीतच होती. मी उघडून बघितली. 'सोमवार: उपास.' 'गुरुवार: उपास.' एवढंच. मोबाइलमध्ये त्या प्रत्येक फोटोखाली मैत्रीनं कौतुकाचा अंगठा पाठवलेला. त्या पोरीला वाटलं, काकू दिवसभर काही खात नाहीत. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं. उपासाचं खाणं हेही खाणंच असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, आणि महिन्यातले दहा-बारा दिवस गणितातून चक्क वगळले होते! मुलाच्या जिवासाठी धरलेल्या उपासांनीच माझी साखर वर धरून ठेवली होती.

मी कपाळावर हात मारला आणि तिच्या पोत्यावर मटकन बसले.

"सोडा मग उपास," सरुबाई म्हणाली.

"नाही हो सोडता येत. सलिल बरा होईपर्यंत करीन असा नवस बोलले आहे. मध्येच सोडला आणि पोराला काही झालं तर?"

कोणाला हसायचं असेल त्यानं हसावं. मैत्रीला हे सांगितलं असतं तर तिनं मला शास्त्र समजावलं असतं, आणि ते मला तिच्याइतकंच समजतं. पण ज्या आईचं पोर डायलिसिसच्या खुर्चीत बसलंय तिनं देवाला दिलेला शब्द मागे घेऊन दाखवावा. मला धीर होत नव्हता, एवढंच खरं.

सरुबाई हसली नाही. भाजीवर पाणी शिंपडायचा तांब्या तिनं माझ्या हातात दिला.

"मला द्या."

"काय?"

"उपास. सोमवार बी आन् गुरुवार बी. चतुर्थ्या-एकादश्या माझ्या असत्यातच. तुमाला सोडायचा न्हाई ना, मग नका सोडू. मी धरते तुमच्या लेकाच्या नावानं, तुमी जेवा. पानी सोडा माझ्या हातावर."

"सरुबाई, अहो, असं कसं..."

"त्यात काय? सासू थकल्यावर तिचं शनिवार मी न्हाई का वडलं? देव तोंड बघत न्हाई कुनाचं. उपाशी कोन ऱ्हायलंय तेवढंच बघतो. सोडा पानी, गिऱ्हाईक खोळंबलंय."

तिनं ओंजळ पुढे केली. बोटांना मेथीचा हिरवा डाग, तळहाताला भेगा. गेटातून स्कूटर निघत होत्या, शाळेच्या बसचा हॉर्न वाजत होता, आणि त्या गडबडीत मी सलिलचं नाव घेऊन तिच्या हातावर पाणी सोडलं.

मग तिनं मोड आलेली मटकी माझ्या पिशवीत घातली. "आज ह्याची उसळ करून खावा. रडत खाऊ नका, नीट खावा."

सलिल आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मी सोमवारी जेवले. चौथ्या-पाचव्या सोमवारपासून मटकी आवडायला लागली.

फेब्रुवारीत रिपोर्ट आला. पाच पूर्णांक सहा. वजन नऊ किलो कमी. डॉक्टर म्हणाले, "या आता." मार्चमध्ये ऑपरेशन झालं. मला शुद्ध आली तेव्हा तनया माझा हात धरून रडत होती आणि मला वाटलं, संपलं सगळं. ती म्हणाली, "आई, चालू झाली! युरिन आली!" लघवी झाली म्हणून आनंदानं रडणारं आमचंच घर असेल. हे तर बाहेर भेटेल त्याला सांगत सुटले होते, लिफ्टमनलासुद्धा.

त्यानंतरचं वर्ष सलिलला जपण्यात गेलं. मास्क, औषधांच्या वेळा, गर्दी टाळणं. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, आवाज परत आला, जिन्यात शीळ ऐकू यायला लागली. मी रोज सकाळी गेटाशी जात होते. पथ्य माझं सुटलं नव्हतं आणि सुटणारही नाही. सरुबाई विचारायची, "लेक कसा हाय?" मी म्हणायची, "छान आहे." ती माझा वाटा पिशवीत घालायची. मी तिच्यासाठी एक चांगली इरकल आणली होती, ती तिनं परत केली. "ही नेसून माती उकरू काय?" मी कानकोंडी झाले, पण मनातल्या मनात म्हटलं, आभार मानून झाले.

यंदाच्या मे महिन्यात एका सोमवारी उंबराखाली पोतं नव्हतं. वॉचमन म्हणाला, सरुबाईला रानात चक्कर आली, पडली. मी वर आले, केलेल्या उसळीचा डबा भरला आणि तशीच तिच्या घराकडे निघाले. उसाच्या कडेनं पाच मिनिटांची वाट. इतक्या दिवसांत मी एकदाही तिच्या घरी गेले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

दार तिच्या सुनेनं, उत्कर्षानं उघडलं. ती वैतागलेली होती. "काकू, तुम्ही तरी सांगा त्यांना. डॉक्टर म्हणाले, वीकनेस आहे. सोमवार-गुरुवार नुसत्या कोऱ्या चहावर असतात. फार तर मूठभर शेंगदाणे. दीड वर्ष झालं. आधी असं नव्हतं. सोडा म्हटलं की म्हणतात, माझा नाही तो, दुसऱ्याचा आहे, मला कसा सोडता येईल? कोणाचा ते सांगतही नाहीत."

मी तशीच आत गेले. सरुबाई बाजेवर पडली होती, कपाळाला पट्टी. मला बघून उठायला लागली.

"सरुबाई, तुम्ही अजून सलिलचे उपास करताय?"

"मग?"

"अहो, तो बरा झाला! वर्ष होऊन गेलं ऑपरेशनला!"

"म्हाईत हाय की मला."

"मग सोडले का नाहीत?"

"माझं हायती का ते? तुमचं हायती. तुमी पानी सोडून दिलं, तुमीच मागारी घ्यायचं. तुमी काय आला न्हाईत. म्हनलं, आईचा जीव हाय, आजून धाकधूक असंल मनात. मधीच सोडला आन् पोराला काय झालं तर?"

माझंच वाक्य. शब्दही तेच.

दीड वर्ष मी दर सोमवारी मटकीची उसळ करून, वर कोथिंबीर घालून, फोटो काढून मिटक्या मारत खाल्ली होती. आणि कुंपणापलीकडे ही बाई माझ्या मुलासाठी कोऱ्या चहावर दीड एकर खुरपत होती. रोज सकाळी मी तिच्यासमोर उभी राहत होते. सोमवारीही, गुरुवारीही. एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिचे पाय धरले आणि मोठ्यानं रडले. ती पाय ओढून घेत म्हणाली, "उठा, उठा. सुनंला वाटंल, मी गेलेच."

मी सलिलला फोन केला. म्हटलं, असशील तसा ये. दहा मिनिटांत तो उसाच्या कडेनं धापा न टाकता चालत आला. तो गेटावरच्या भाजीवाल्या आजींना लांबून ओळखत होता, पण उपासाचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आता तिच्यासमोर सगळं सांगितलं. तो ऐकत बाजेशेजारी जमिनीवर बसला. मग "आजी" म्हणून तो पुढे सरकला. तिनं त्याचा मास्क खाली ओढला आणि चेहरा नीट बघून घेतला. "रंग उजळला," ती म्हणाली.

मी उत्कर्षाकडून तांब्या मागून घेतला. या वेळी ओंजळ माझी होती आणि पाणी सरुबाईनं सोडलं. "घ्या तुमचं तुमी," ती म्हणाली. मी म्हटलं, "घेतले. आणि आज सुटले." उत्कर्षा दारात उभी राहून डोळे पुसत होती.

सलिलनं डबा उघडला, वाटीत उसळ काढली आणि पहिला घास स्वतःच्या हातानं तिला भरवला. ती बराच वेळ चावत होती.

"मीठ कमी हाय."

"आमच्याकडे आता कमीच असतं, आजी."

"असू दे. मटकी माझीच हाय, कळतंय." तिनं वाटी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः खायला लागली. मध्येच थांबून त्याला म्हणाली, "आता पुन्हा आजारी पडू नगंस बाबा. मला आता जमायचं न्हाई."

सलिल हसला आणि हसताहसताच त्याचे डोळे वाहायला लागले. सरुबाईनं वाटी संपवली, बोटं पुसून घेतली आणि रिकामी वाटी त्याच्यापुढे धरली.

"वाढ की आजून. दीड वर्साचं जेवायचंय."